दक्षिणी संस्थानांचे उच्च शिक्षणातील सहकार्य

ब्रिटिश काळात मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागात असलेल्या लहान संस्थानांनी आपल्या प्रजेच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठी जी सामाईक व्यवस्था उभी केली, तिला दक्षिणी संस्थानांचे उच्च शिक्षणातील सहकार्य असे म्हणता येते. फलटण, औंध, सांगली, मिरज, जमखंडी ही या व्यवस्थेतील ठळक नावे होत. या संस्थानांमध्ये शिक्षणविषयक असा एकच लेखी करार झालेला नव्हता. त्यांनी संयुक्त शिक्षण खातेही स्थापन केले नाही. त्यांचे सहकार्य खाजगी शिक्षणसंस्थांच्या द्वारे घडले. पुण्यातील डेक्कन एज्युकेशन सोसायटीसारख्या संस्थांना अनेक दरबारांचा आश्रय मिळाला आणि त्यांच्या महाविद्यालयांत सर्व संस्थानांचे विद्यार्थी शिकले. इ.स. १९४८ मध्ये ही संस्थाने विलीन झाली, पण महाविद्यालये चालू राहिली.

पार्श्वभूमी

पेशवाईच्या अखेरीनंतर इंग्रजांनी दक्षिणेतील सरदारांशी स्वतंत्र तह केले. फलटणचे नाईक निंबाळकर, औंधचे पंतप्रतिनिधी, भोरचे पंतसचिव, जतचे डफळे आणि अक्कलकोटचे भोसले हे साताऱ्याच्या छत्रपतींचे जहागीरदार होते. १८४८ साली सातारचे राज्य खालसा झाल्यावर त्यांचा संबंध थेट इंग्रज सरकारशी आला. कृष्णाकाठी आणि त्याच्या दक्षिणेस पटवर्धन घराण्याची संस्थाने होती. सांगली, थोरली व धाकटी मिरज, कुरुंदवाडच्या दोन पात्या आणि जमखंडी ही ती संस्थाने. या सर्वांमध्ये कोल्हापूर आकाराने आणि मानाने वेगळे होते.

यांतील बहुतेक संस्थाने आजच्या एखाद्या तालुक्याएवढी होती. फलटणचे क्षेत्र सुमारे ३९७ चौरस मैल होते आणि १९०१ च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या ४५,७३९ होती. औंध ५०१ चौरस मैलांचे असून त्याची लोकसंख्या ६३,९२१ होती. पटवर्धनांच्या संस्थानांत सर्वांत मोठे असलेल्या सांगलीची लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या आसपास होती. शिवाय हे मुलूख सलग नव्हते. सांगलीकडे सोलापूरजवळचे मंगळवेढे आणि धारवाडकडील शिरहट्टी होते, थोरल्या मिरजेकडे लक्ष्मेश्वर होते आणि जमखंडीकडे कुंदगोळ होते. नकाशावर एकाच संस्थानाचे तुकडे शंभर-शंभर मैलांच्या अंतराने विखुरलेले दिसतात. त्यामुळे एकाच राजाची प्रजा काही गावांत मराठी बोलत असे, तर काही गावांत कन्नड.

अशा संस्थानाला प्राथमिक शाळा आणि राजधानीत एखादे हायस्कूल चालवणे शक्य होते. महाविद्यालय चालवणे मात्र आवाक्याबाहेरचे होते. पदवीच्या वर्गांसाठी निरनिराळ्या विषयांचे प्राध्यापक, ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि वसतिगृह लागे. त्यापेक्षा मोठी अडचण विद्यार्थ्यांची होती. पन्नास हजार वस्तीच्या संस्थानातून दरवर्षी मॅट्रिक होणारी मुले इतकी थोडी असत की त्यांच्यावर महाविद्यालयाचा एक वर्गही भरला नसता. पदवी देण्याचा अधिकारही संस्थानिकांकडे नव्हता, तो १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाकडे होता. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरील हे विद्यापीठ सुरुवातीची अनेक वर्षे स्वतः अध्यापन करीत नसे, महाविद्यालयांना संलग्नता देऊन परीक्षा घेत असे. याचा एक फायदा झाला. विद्यार्थी कोणत्या संस्थानचा आहे, याने पदवीत फरक पडत नसे. शेजारच्या संस्थानातील किंवा इंग्रजी मुलखातील महाविद्यालयात शिकूनही त्याला तीच पदवी मिळे.

कोल्हापूर हा या परिस्थितीला अपवाद होता. तेथील राजाराम महाविद्यालय १८८० साली सुरू झाले. १८७० मध्ये युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्स येथे निधन पावलेल्या राजाराम महाराजांचे नाव त्याला देण्यात आले. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा आरंभ येथेच झाला, पुढे १८८४ मध्ये त्यांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेतली. आसपासच्या संस्थानांतील विद्यार्थ्यांना पुण्या-मुंबईपेक्षा जवळचे असे हे पहिले महाविद्यालय होते.

सहकार्याची रीत

डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना २४ ऑक्टोबर १८८४ रोजी झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी तिने पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालय सुरू केले. सरकारी तिजोरीवर अवलंबून न राहता देशी लोकांनी चालवलेले महाविद्यालय अशी तिची कल्पना होती. परंतु जनतेच्या वर्गणीतून तेवढा पैसा उभा राहणे कठीण होते, म्हणून संस्थापकांनी दक्षिणेतील संस्थानिकांकडे धाव घेतली. महादेव बल्लाळ नामजोशी यांनी दरबारोदरबारी फिरून हा पैसा मिळवला. पुढे इमारत निधीसाठी हेच काम गोखले यांनी केले.

या प्रसंगाला एक पूर्वपीठिका आहे. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर 'केसरी' व 'मराठा' या पत्रांतून टीका केल्याबद्दल टिळक आणि आगरकर यांना १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली होती. त्यांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढले. ज्या दरबाराच्या कारभारावरून तुरुंगवास घडला, त्याच दरबाराचा आश्रय थोड्याच वर्षांत त्यांच्या सोसायटीला मिळाला. त्या काळच्या संस्थानी राजकारणाचे आणि शिक्षणाला असलेल्या प्रतिष्ठेचे हे बोलके उदाहरण आहे.

सोसायटीची घटना या सहकार्याला अनुकूल होती. कारभारात देणगीदारांच्या प्रतिनिधींना स्थान होते, मात्र अध्यापनाची आणि रोजच्या व्यवस्थेची सूत्रे आजीव सदस्यांच्या हाती होती. आजीव सदस्य अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याचे वचन देत. गोखले यांच्या पिढीत हे वेतन दरमहा ७५ रुपये होते. त्यामुळे देणगी देणारा राजा महाविद्यालयाचा मालक होत नसे. सांगलीचा पैसा घेतला म्हणून मिरजेच्या मुलाला दार बंद होण्याचा प्रश्न नव्हता. मानपान आणि सरहद्दींवरून या दरबारांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाद चालत. त्यांपैकी एकाने महाविद्यालय काढले असते, तर इतरांनी त्याला पैसा दिला असता असे वाटत नाही. कोणाच्याच हुकमतीखाली नसलेल्या तिसऱ्या संस्थेला देणे सर्वांना सोयीचे होते. औपचारिक करार नसूनही ही व्यवस्था साठ वर्षांहून अधिक काळ टिकली, याचे मुख्य कारण हेच मानावे लागेल.

पुण्यातील दुसरे उदाहरण शिक्षण प्रसारक मंडळीच्या महाविद्यालयाचे आहे. १९१६ साली ते न्यू पूना कॉलेज या नावाने सुरू झाले. जमखंडीच्या संस्थानिकांनी मोठी देणगी दिल्यावर त्याचे नाव सर परशुरामभाऊ महाविद्यालय झाले. एस. पी. कॉलेज या संक्षिप्त नावामुळे जमखंडीचा हा संबंध आज फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

विलिंग्डन महाविद्यालय

पुण्याला जाणे सर्वांना परवडणारे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुणे-मिरज-बेळगाव असा मीटरमापी लोहमार्ग झाला आणि कृष्णाकाठचे तरुण पुण्याला जाऊ लागले. फलटणला मात्र रेल्वे नव्हती. फलटणच्या विद्यार्थ्याला आधी लोणंद स्थानक गाठावे लागे. हे अंतर सुमारे २६ किलोमीटर आहे. (लोणंद-फलटण लोहमार्गावर प्रवासी गाडी धावली ती २०१९ मध्ये.) प्रवासाचा, खोलीचा आणि खाणावळीचा खर्च धरला तर पुण्यातील शिक्षण हे सधन कुटुंबांपुरते, किंवा वार लावून जेवण्याची तयारी असलेल्या मुलांपुरते राहत असे. वार लावण्याची सोय तरी मुख्यतः ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच होती.

या पार्श्वभूमीवर डेक्कन एज्युकेशन सोसायटीने जून १९१९ मध्ये सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय सुरू केले. १९१३ ते १९१८ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड विलिंग्डन यांचे नाव त्याला देण्यात आले. जागा निवडली ती सांगली आणि मिरज यांच्यामधील विश्रामबागेची. या दोन राजधान्यांमधील अंतर जेमतेम दहा किलोमीटर आहे आणि धाकट्या मिरजेची राजधानी बुधगाव हीसुद्धा सांगलीला लागूनच आहे. तीन दरबारांच्या मध्यावर आणि रेल्वेच्या जवळ असलेले हे ठिकाण त्या परिसरातील कोणत्याही संस्थानच्या विद्यार्थ्याला सोयीचे होते.

सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांची कारकीर्द आणि या महाविद्यालयाची वाढ एकाच काळात झाली. लहान संस्थानांचे प्रतिनिधी म्हणून ते लंडनच्या गोलमेज परिषदेला गेले होते. सोसायटीच्या सांगलीतील वाणिज्य महाविद्यालयाला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले.

विलिंग्डनचे वैशिष्ट्य त्याच्या द्विभाषिकपणात होते. मंगळवेढ्याचा मराठी मुलगा आणि जमखंडीचा कन्नड मुलगा एकाच वर्गात बसत. ज्या महाविद्यालयात मराठी साहित्याचे अध्यापन होई, तेथेच कन्नडचाही विभाग होता. कन्नड साहित्याचे इतिहासकार रं. श्री. मुगळी यांनी येथे दीर्घकाळ कन्नड शिकवले. 'कन्नड साहित्य चरित्रे' या त्यांच्या ग्रंथाला १९५६ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी ठरलेले विनायक कृष्ण गोकाक हेही या महाविद्यालयाचे प्राचार्य होते. आधुनिक कन्नड साहित्यातील दोन मोठी नावे सांगलीशी जोडलेली असण्याचे कारण संस्थानांच्या विखुरलेल्या नकाशात आहे. सांगली, मिरज आणि जमखंडी यांची प्रजाच दोन भाषांची होती.

विश्रामबागेतच १९४७ साली धोंडूमामा साठे यांच्या पुढाकाराने न्यू इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झाले. आजचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय ते हेच.

संशोधनातील सहभाग

पदवीच्या पलीकडील कामातही ही रीत दिसते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना १९१७ मध्ये झाली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः पदवीधर आणि चित्रकार होते. महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध व्हावी म्हणून त्यांनी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले आणि १९१९ मध्ये या कामाला सुरुवात झाली. १९२५ पासून विष्णू सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक होते. बाराशेहून अधिक हस्तलिखिते तपासून सिद्ध केलेली ही आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. बाळासाहेबांचे निधन १९५१ मध्येच झाले होते आणि औंध संस्थानही उरले नव्हते.

या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर आश्रयदात्यांची नावे छापलेली आहेत. तेथे औंधच्या अधिपतींच्या जोडीला हैदराबाद, बडोदा, भावनगर, म्हैसूर यांच्या पंक्तीत फलटणचे नाव आहे. चारशे चौरस मैलांच्या संस्थानाचे नाव निजामाच्या राज्याशेजारी यावे, ही गोष्ट मालोजीराव नाईक निंबाळकर यांच्या काळातील फलटण दरबाराच्या विद्याप्रेमाची साक्ष देते.

मर्यादा

या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिने कोणाला वगळले हेही पाहिले पाहिजे. संस्थानिकांचा पैसा महाविद्यालयाच्या इमारतीपर्यंत पोहोचला, पण खेड्यातील शेतकऱ्याचा मुलगा त्या इमारतीपर्यंत पोहोचेल याची तजवीज बहुतेकांनी केली नाही. त्यासाठी वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि मुळात खेड्यात चांगली शाळा आवश्यक होती. या बाबतीत कोल्हापूरचे शाहू महाराज फार पुढे होते. १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची मालिकाच उभी केली. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर यांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवले. दक्षिणेतील लहान संस्थानांच्या इतिहासात याच्या तोडीचे उदाहरण आढळत नाही.

ही उणीव भरून काढण्याचे काम दरबाराबाहेरून झाले. भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये, म्हणजे विलिंग्डन महाविद्यालय ज्या वर्षी निघाले त्याच वर्षी, कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. गावोगावचे धान्य आणि वर्गणी हे तिचे भांडवल होते. १९४७ मध्ये या संस्थेने साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले. शरीरश्रम करून शिक्षणाचा खर्च भागवण्याची 'कमवा आणि शिका' योजना तेथे रुजली. फलटण, औंध, जत या संस्थानांतील बहुजन समाजाच्या मुलांना महाविद्यालयाचे दार खऱ्या अर्थाने उघडले ते येथून पुढे, असे म्हणणे चुकीचे ठरणार नाही.

दुसरी मर्यादा अंतराची होती. पैसा पुणे आणि सांगली या दोन केंद्रांत एकवटल्यामुळे इतर राजधान्यांत महाविद्यालये निघाली नाहीत. महाभारताच्या मुखपृष्ठावर नाव असलेल्या फलटणमध्ये संस्थान असेपर्यंत एकही महाविद्यालय नव्हते.

विलीनीकरणानंतर

स्वातंत्र्याच्या सुमारास काही दक्षिणी संस्थानांनी एकत्र येऊन संघराज्य बनवण्याचा प्रयत्न केला. तो तडीस गेला असता तर शिक्षणाचे संयुक्त खाते कदाचित अस्तित्वात आले असते. परंतु प्रजेची मागणी विलीनीकरणाची होती. ८ मार्च १९४८ रोजी ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली आणि कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी. फलटण व औंधचा परिसर सातारा जिल्ह्यात आला. सांगली व मिरज मिळून नव्या जिल्ह्याचे केंद्र बनले, तर भोर पुणे जिल्ह्यात गेले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला.

महाविद्यालयांची संलग्नताही बदलली. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच वर्षी धारवाडचे कर्नाटक विद्यापीठही. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले. डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू होते. आरंभी या विद्यापीठाच्या कक्षेत कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि रत्नागिरी हे जिल्हे होते. या जिल्ह्यांत कोल्हापूर, सांगली, मिरज, फलटण, औंध, जत, अक्कलकोट आणि सावंतवाडी या जुन्या संस्थानांचा मराठी भाग येतो. ज्यांना आपसांत एक विद्यापीठ करता आले नसते, त्यांच्या प्रजेला संस्थाने गेल्यावर एकच विद्यापीठ मिळाले.

फलटणमध्ये १९५७ साली फलटण एज्युकेशन सोसायटीने मुधोजी महाविद्यालय सुरू केले. मालोजीरावांचे पूर्वाधिकारी मुधोजीराव यांचे नाव त्याला दिले आहे. मालोजीराव स्वतः तोपर्यंत राजे राहिलेले नव्हते, विलीनीकरणानंतर त्यांनी मुंबई राज्याच्या मंत्रिमंडळात काम केले होते. फलटणच्या आणि आसपासच्या गावांतील मुलींच्या दृष्टीने या घटनेचे महत्त्व फार मोठे होते. पुण्याला किंवा सांगलीला मुलगी ठेवण्यास तयार नसलेली घरे गावातल्या महाविद्यालयात तिला पाठवू लागली.

अन्यत्र

शेजारच्या लहान राज्यांनी सामाईक उच्च शिक्षणाची सोय करण्याची उदाहरणे जगात इतरत्रही आहेत. कॅरिबियन समुद्रातील इंग्रजी अमलाखालच्या बेटांसाठी १९४८ मध्ये जमैकातील मोना येथे एकच महाविद्यालय निघाले. त्याच्या पदव्या आधी लंडन विद्यापीठाच्या असत, १९६२ मध्ये ते वेस्ट इंडीज विद्यापीठ म्हणून स्वतंत्र झाले. तेथील बेटे पुढे स्वतंत्र देश झाली, तरी विद्यापीठ सामाईक राहिले. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांनीही १९४८ मध्येच उच्च शिक्षणासाठी आपसांत करार करून प्रादेशिक मंडळ स्थापन केले. एका राज्यात नसलेला अभ्यासक्रम दुसऱ्या राज्यात शिकण्याची सोय त्यातून झाली. मात्र कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना आपल्या महाविद्यालयांपासून दूर ठेवण्याची ही पळवाट आहे, अशी टीका त्या करारावर आरंभी झाली होती.

सीमाभागातील सद्यःस्थिती

जुन्या संस्थानी मुलखातून आज महाराष्ट्र आणि कर्नाटक यांची सीमा जाते. विलिंग्डन महाविद्यालयाच्या काळात जमखंडीहून सांगलीला शिकायला येणे म्हणजे एकाच विद्यापीठाच्या कक्षेत राहणे होते. आज तसा विद्यार्थी परराज्यातला ठरतो, त्याला अधिवासाचे नियम लागू होतात. महाराष्ट्र शासनाने आपला दावा असलेल्या ८६५ सीमावर्ती गावांतील मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात वेगळी तरतूद ठेवली आहे. अभियांत्रिकीच्या सामाईक प्रवेश प्रक्रियेत 'महाराष्ट्र-कर्नाटक सीमा' असा उमेदवारांचा स्वतंत्र वर्ग असतो. ही तरतूद एका राज्याने केलेली आहे आणि तिचा आधार मातृभाषा हा आहे. तिच्या लाभासाठी गाव यादीत असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला द्यावा लागतो.